तिसरा खंड यायचाय

बुधवारी सौदे उरकले की
आम्ही चौघं भडंगवाल्याच्या मागच्या बाकड्यावर जमतो.
माझ्या नखांत हळद.
आदगोंडांच्या मांडीवर पिशवी, पिशवीत
दोन चंद्रांच्या देशाचा दुसरा खंड,
शाळेच्या वहीसारखं खाकी कव्हर घातलेला.

"झालं वाचून?" एवढं विचारायचा अवकाश,
दिलशाद सुरू होते:
ड्रॅगन बरा आहे, पण तो खातो काय?
चारशे पानांत एकदा तरी चाऱ्याचा हिशेब?
शेण कुठं पडतं, कोण काढतं?
(तिच्या गोठ्यात सहा म्हशी.)
तेवढं लिहिलं असतं
तर त्या राजाला मीही राजा म्हटलं असतं.

आदगोंडा हसत नाहीत. त्यांचा जीव यानांवर.
पस्तीस वर्षं पाटबंधारे खात्यात,
आयर्विन पुलाखालचं पाणी मोजलं,
पावसाळ्यात तासाला एक आकडा,
मानेत छत्री धरून.
यानात इंधन किती होतं, किती उरलं, हे त्यांना लागतंच.
लेखकानं प्रकाशाच्या वेगाला बगल दिली
की समासात पेन्सिलीनं लिहितात: कसं काय?
वाचनालयाच्या पुस्तकात.
दंड भरतात. पुन्हा लिहितात.

समाधान वाघमोडे आमच्यात लहान,
मोबाइलच्या दुकानात काचा बदलतो.
जे अजून छापलंच नाही
त्याविषयी त्याचं मत सगळ्यांत पक्कं.

मागच्या महिन्यात बुडालेल्या शहराची कादंबरी घेतली होती.
तीन हजार सालातली.
पाण्याखाली काचेचे रस्ते, पेटलेले दिवे,
मासे खिडकीतून डोकावून जातात.
समाधान म्हणाला, लई भारी.
मी म्हणाले, वास कुठंय?
पाणी उतरल्यावर फ्रिजच्या मागं सापडतो तो.
पोत्यात फुगलेली हळद,
उंबऱ्यावरून आठ दिवस वाहणारा पिवळा ओघळ.
या माणसाला पूर म्हणजे देखावा वाटतो.
पूर म्हणजे खराटा.

दिलशाद बराच वेळ दाणे वेचत राहिली.
मग म्हणाली, मला आवडलं.
माझं घर त्यात
एकदा तरी सुंदर बुडालं.

यावर कुणालाच काही सुचलं नाही.
लसूण जरा जास्त झालाय
असं काहीतरी भडंगाविषयी बोललो.

आणि तिसरा खंड.
दुसऱ्याच्या शेवटच्या ओळीत ती मुलगी
दाराच्या कडीवर हात ठेवून उभी आहे,
सहा वर्षं झाली, तशीच.
आधी दिवाळी म्हणाले, मग पाडवा,
आता नुसतंच लवकरच.
मी म्हणते, दारापलीकडं तिची आई असणार.
दिलशाद म्हणते, दुसरं दार.
समाधानकडं खात्रीची बातमी आहे,
दर वेळी वेगळी.

आज आदगोंडांनी विचारलं,
टाइप मोठा असेल का रे त्याचा?
तेव्हा कळलं.
मिरजेच्या डॉक्टरांनी सांगितलंय,
नजरेचा मधला भाग जाणार,
कडा तेवढ्या राहतील.
"म्हंजे समास राहील,"
म्हणाले, आणि चहा सांगितला.

मी वाचून दाखवेन, दिलशाद म्हणाली,
पण लढाया गाळणार.
लढाया गाळायच्या न्हाईत.
मग चाऱ्याचं माझं मी घालणार मधे.
घाला, पण कुठलं तुमचं आणि कुठलं त्याचं
ते सांगायचं.
दोघं अर्धा तास भांडले,
दुकानदारानं आमच्यावरचा दिवा तेवढा चालू ठेवून
बाकीचे मालवले.

समाधान म्हणाला, नऊशे पानं आहेत म्हणे.
आदगोंडांनी क्षणभर डोळे मिटले:
नऊशे. बुधवारी वीस.
पंचेचाळीस बुधवार.
पुलाखालचा आकडा फोनवर कळवावा
त्या आवाजात.

पुस्तक अजून छापायला गेलेलं नाही.